खोल्या कुणी अडवल्या?

१

खापर फोडायला कुणाचं तरी डोकं लागतं. ऑफिसनं ते सकाळी सकाळीच शोधून ठेवलं होतं.

आत्या आत आल्या तेव्हा चिक्कूच्या टेबलावरचा संगणक उचलून नेलेला होता. मागे धुळीची चौकोनी खूण, अर्धी पाण्याची बाटली आणि खुर्चीत चिक्कू, दोन्ही हात मांडीवर ठेवून.

"काय गं, संगणक कुठाय?"

"साहेबांनी न्यायला सांगितला. दुपारच्या बैठकीपर्यंत कशाला हात लावायचा नाही, म्हणाले." चिक्कूचा आवाज बसला होता. "बैठकीत अँब्युलन्स केंद्राच्या लोकांसमोर माझं नाव सांगणार आहेत. माझ्या चुकीमुळे झालं आणि मला काढून टाकलं, असं."

"आणि झालं का तुझ्या चुकीमुळे?"

"मी रात्रभर तेच शोधतेय, आत्या. मला चूक सापडत नाहीये. सापडली असती तर मीच आधी जाऊन सांगितलं असतं."

आत्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या साहेबांच्या सख्ख्या आत्या. साहेब त्यांना आत्या म्हणायचे, म्हणून हळूहळू सगळं ऑफिसच म्हणायला लागलं. पण नात्यापलीकडे त्यांचा या जागेवर दुसरा हक्क होता. इथं प्रोग्रॅमिंगची एक भाषा आणि ती भाषा चालवणारं इंजिन बनत असे. धंद्याच्या बोलीत त्याला रनटाइम म्हणतात. त्या इंजिनाची पहिली ओळ आत्यांनी लिहिली होती. पुढे गुडघे कुरकुरायला लागले तशी त्यांनी गादी भाच्याकडे दिली आणि घरी बसल्या. आज चिक्कूचा रडवेला फोन गेला आणि त्या तडक आल्या.

घडलेलं असं. शहराचं अँब्युलन्स केंद्र याच भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅमवर चालायचं. काल भर दुपारी केंद्राचं मशीन थिजलं. एक बाई फोनवर पत्ता सांगत होती, तिचे वडील ओट्याजवळ कोसळले होते. समोरची मुलगी पत्ता टाइप करत होती आणि पडदा घ्यायला तयार नव्हता. शेवटी गाडी पोचली, पण फार उशिरा. आजोबा जिवंत आहेत. उजवी बाजू हलत नाही आणि शब्द फुटत नाही.

मशीन का थिजलं, यात वाद नव्हता. मेमरी संपली. मेमरी वाटण्याचा नवा भाग गेल्या महिन्यात चिक्कूनं लिहिलेला. मग काय, जागा संपली, जागा वाटते चिक्कू, म्हणजे चोर चिक्कू. इतकं सोपं गणित शाळेतसुद्धा कुणी देत नाही!

"अरे, या पोरीला तुम्हीच चिक्कू नाव ठेवलंत ना?" आत्या सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा कडाडल्या. "कणभर मेमरी वाया गेली तर हिला जेवण जात नाही म्हणून? आणि आज तीच एवढी उधळी कशी झाली?"

कुणीही पडद्यावरून मान वर केली नाही. फक्त कोपऱ्यातून एकजण हसला. तो झाडू होता.

२

झाडू म्हणजे इंजिनातली सफाई सांभाळणारा माणूस. उंच, वाकलेला, कायम कुणावर तरी रुसलेला.

नवीन माणसाला आत्या मेमरी समजावायच्या ती लॉजच्या उदाहरणानं. प्रोग्रॅम म्हणजे गिऱ्हाईक. त्याला मजकूर ठेवायला खोली लागते. मॅनेजर किल्ली देतो. काम संपलं की गिऱ्हाईक किल्ली परत करतं, झाडूवाला खोली साफ करतो, खोली पुढच्याला. चिक्कू झाली मॅनेजर आणि झाडू हा झाडू.

"तू हसलास का रे?" आत्यांनी त्याच्यासमोर खुर्ची ओढली.

"मी आधीच बोललो होतो, हिचं वाटप एक दिवस तोंडावर आपटणार म्हणून. सगळ्यांसमोर बोललो होतो."

"म्हणजे ते आपटलं की तुझा आनंद."

"आनंद कशाचा?" झाडू उखडला. "हिनं वाटप एवढं नेटकं केलं की माझ्या सफाईला निम्मं काम उरलं नाही. राग आहे मला, नाही म्हणत नाही. पण म्हणून मी माणसं मरायला टाकीन होय?"

"मग खोल्या तू झाडल्यास का?"

"माझ्याकडे आलेली प्रत्येक खोली झाडली. आत्या, किल्ली गिऱ्हाइकाच्या खिशात असेल तर मी दार उघडत नाही. नियम तुमचाच आहे. काल मशीन थिजलं तेव्हा मी आतून बघितलं. खोल्या गच्च भरलेल्या, आणि मला एकही 'रिकामी' म्हणून दिलेली नाही."

"हे तू साहेबांना सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाले, तांत्रिक तपशील नंतर."

आत्यांनी नाकपुड्या फुगवल्या. आजोबांची जीभ गेली आणि यांना तपशील नंतर! त्यांनी डोक्यात एक गाठ मारून ठेवली. मॅनेजरनं किल्ल्या दिल्या होत्या. झाडूवाला तयार होता. मग खोल्या अडवून बसलेलं गिऱ्हाईक कोण?

३

मास्तर खिडकीशी चहा पीत उभे होते. मजकूर सांभाळणारा भाग त्यांचा, म्हणजे नावं, पत्ते, निरोप, जे जे अक्षरांत असेल ते. बोलणं असं गोड की लोक त्यांच्याकडून शिव्या खाऊनही आभार मानून जात.

"बिचारी पोर," मास्तर म्हणाले. "फार हुशार. पण वय लहान, घाई झाली. मी साहेबांना म्हटलं, शिक्षा जरा सौम्य करा."

"शिक्षेवर पोचलात पण! गुन्हा कुणी तपासला?"

"तपासायचं काय त्यात, आत्या? नवं वाटप आलं आणि मशीन थिजलं."

"ऑफिसातल्या चाचणीत का नाही थिजलं मग? दिवसच्या दिवस चालवून बघितलं होतं ना?"

"चाचणी ती चाचणी." मास्तरांनी कप खिडकीत ठेवला. "खरं सांगू का, मशीनलाही सकाळी उठून तोंड धुवावं लागतं. ते त्याला धुऊ दिलं नाही की असं होतं."

आत्या हसल्या नाहीत. त्यांनी मास्तरांच्या पडद्याकडे बोट केलं. "चाचणीत पत्ते कुठले घालता, दाखवा बघू."

मास्तरांनी दाखवले. 'घर एक.' 'घर दोन.' 'घर तीन.' खालपर्यंत तसेच. सगळे इवलेसे.

"एवढेच?"

"चाचणीला पुरतात की."

"मास्तर, तुमच्या भागात लहान मजकूर खोली मागतच नाही ना? तो गिऱ्हाइकाच्या खिशातच मावतो. मोठा झाला तरच मॅनेजरकडे जाऊन किल्ली मागायची. बरोबर?"

"तुम्हीच तर शिकवलंत."

"हो. म्हणूनच विचारते."

मास्तरांनी कप पुन्हा उचलला. तो रिकामा होता, तरी त्यांनी त्यातून एक घोट घेतला.

४

अँब्युलन्स केंद्र दोन गल्ल्या पलीकडे होतं. आत्या गुडघ्यांना शिव्या देत चालत गेल्या. आत फोनच्या रांगा, कानाला यंत्रं लावलेल्या मुली, भिंतीवर शहराचा नकाशा. पाळीप्रमुख बाईंना सगळे ताई म्हणत. त्यांचे डोळे सुजलेले होते.

"तुमच्या ऑफिसातल्या आहात?" ताई तटकन म्हणाल्या. "मग बसू नका. ती बाई फोनवर पत्ता सांगत होती, आणि मागून तिच्या वडिलांच्या कण्हण्याचा आवाज येत होता. माझ्या मुलीनं तीनतीनदा टाइप केला. ती आज कामावर आलेली नाही. तिला वाटतंय तिचीच चूक."

"तिची नाही," आत्या म्हणाल्या. "आणि आमच्या ज्या मुलीवर ढकलतायत तिचीही नाही, असं मला वाटतं. चोर सोडून संन्याशाला फाशी चाललीय. पत्ता काय होता, सांगाल?"

ताईंनी आठवून सांगितलं. "जुन्या टाकीच्या मागे, निळं फाटक, फाटकातून आत गेल्यावर डावीकडचा दुसरा जिना, शिंप्याच्या दुकानावरचा मजला, दाराला घंटी नाही, कडी वाजवा."

"सगळे पत्ते असेच?"

"अहो, घाबरलेला माणूस घराचा क्रमांक सांगतो का? खुणाच सांगतो."

आत्यांनी मान हलवली. इथं प्रत्येक पत्ता मोठा. प्रत्येक पत्त्याला खोली. ऑफिसात 'घर एक', 'घर दोन', त्यांना खोली नाहीच. म्हणून चाचणी पास आणि केंद्र नापास.

"पण एक कळत नाही," त्या म्हणाल्या. "हे नव्या वाटपानं झालं असेल तर आधी सगळं ठीक होतं का?"

"आधी कधी थिजलं नाही. आधी आम्ही रोज सकाळी पाळी बदलताना मशीन बंद करून चालू करायचो ना."

आत्या ताठ झाल्या. बंद करून चालू केलं की सगळ्या खोल्या आपोआप रिकाम्या होतात. अडवलेल्यासुद्धा. म्हणजे रोग जुना होता! चिक्कूनं वाटप लिहायच्या कितीतरी आधीचा. रोज सकाळी झाकला जात होता, इतकंच. आणि ऑफिसात कुणीही या बंद-चालूबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता.

"हे करायला तुम्हाला सांगितलं कुणी?"

"तुमच्याकडून फोन आला होता, दोनेक वर्षं झाली. गृहस्थ फार गोड बोलत होते. म्हणाले, मशीनलाही सकाळी उठून तोंड धुवावं लागतं."

आत्यांनी डोळे मिटून घेतले. "आणि थांबवायला कुणी सांगितलं?"

"साहेबांनी. स्वतः आले होते, गेल्या महिन्यात. म्हणाले, आता असं इंजिन दिलंय की कधीच बंद करायला नको. सगळीकडे तशीच जाहिरात करणार आहोत. त्या मुलीचं फार कौतुक केलं त्यांनी."

५

मास्तर जिन्यात सापडले. आत्यांनी खालच्या पायरीवरून वाट अडवली.

"किती दिवस धुताय हो मशीनचं तोंड?"

मास्तरांचा चेहरा उतरला. क्षणभर त्यांनी गोड हसायचा प्रयत्न केला, पण ते ओठांवरच विरलं.

"मोठा मजकूर तुम्ही परतच करत नाही," आत्या म्हणाल्या. "काम संपलं तरी किल्ली देत नाही. का? हे इंजिन मी लिहिलंय, कारण एकच असू शकतं. तुमच्या भागात कुठंतरी खोट आहे. खोली परत केल्यावरही तुम्ही मागच्या खिडकीतून आत हात घालता. तिथं दुसरं गिऱ्हाईक आलेलं असलं की मशीन धाडकन पडतं. खोट शोधायला कष्ट पडतात. त्यापेक्षा खोलीच सोडली नाही तर प्रश्नच मिटला. खरं की खोटं?"

"खरं," मास्तर पुटपुटले. "तेवढ्यापुरतं केलं होतं."

"तेवढ्यापुरतं! दोन वर्षं तेवढ्यापुरतं! आणि बंद-चालू थांबवायचं ठरलं त्या बैठकीत तुम्ही होतात?"

"होतो."

"मूग गिळून बसलात?"

"बोललो असतो तर आधीचं बाहेर आलं असतं."

"अहो, एका माणसाची वाचा गेली! आणि तुम्ही सकाळपासून त्या पोरीला बिचारी म्हणत चहा पिताय. वड्याचं तेल वांग्यावर काढताना हात कसा कापला नाही तुमचा?"

मास्तर कठड्याला धरून खाली बसले. "मी एकट्यानं ठरवलं नव्हतं, आत्या."

"मग कुणी?"

"मला घरसंसार आहे. मी नाव घेणार नाही. सिद्ध करता येत असेल तर करा."

वरून झाडूचा आवाज आला, "आत्या, चला, बैठक सुरू होतेय." मास्तरांनी वर बघितलं आणि तोंड मिटलं ते मिटलंच. झाडू? की आणखी कुणी? आत्या एकेक पायरी चढत होत्या आणि प्रत्येक पायरीवर त्यांना एकच उत्तर सुचत होतं. ते उत्तर त्यांना नको होतं.

६

काचेच्या खोलीत सगळे जमले होते. ताई आणि त्यांचे अधिकारी एका बाजूला, झाडू, मास्तर आणि चिक्कू दुसऱ्या. टोकाला साहेब, आत्यांचा भाचा. इस्त्रीचा शर्ट, गंभीर चेहरा. लहानपणी याच पोराला मांडीवर बसवून आत्यांनी पहिला प्रोग्रॅम लिहायला शिकवला होता.

"झाल्या प्रकाराचं आम्हाला दुःख आहे," साहेबांनी सुरुवात केली. "जबाबदार व्यक्ती आम्ही निश्चित केली आहे आणि..."

"एक मिनिट," आत्या म्हणाल्या. "फाशी द्यायच्या आधी एक प्रयोग करू. चिक्कूचा संगणक आणा इथं."

"आत्या, आत्ता नको."

"आत्ताच. झाडू, आण रे."

झाडूनं संगणक आणला आणि भिंतीवरच्या पडद्याला जोडला. आत्या चिक्कूकडे वळल्या. "बाळा, केंद्रातले खरे पत्ते घालून इंजिन चालव."

चिक्कूनं चालवलं. भरत चाललेल्या मेमरीची रेघ पडद्यावर चढू लागली. चढतच राहिली. एकदाही खाली येईना.

"हेच काल झालं," आत्या ताईंना म्हणाल्या. "आता जुनं वाटप लाव, चिक्कू. तू यायच्या आधीचं."

पुन्हा तेच. रेघ तशीच चढत गेली. चिक्कूनं तोंडावर हात घेतला. झाडू हळूच म्हणाला, "अरे देवा. म्हणजे हिचं नव्हतंच."

साहेब खुर्चीत सरसावले. "असेलही काही जुनं. तपासू आपण, नंतर."

"नंतर कशाला? उपाय तर साधा आहे." आत्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "काम संपल्यावर मोठा मजकूर परत करायचा. बस्स. चिक्कू, नवं वाटप लाव आणि मास्तरांच्या भागात तेवढं परत करणं चालू कर."

"नको!" साहेब ताडकन उभे राहिले. "मशीन पडेल!"



आत्यांनी भाच्याकडे बघितलं. हेच ते उत्तर, जे त्यांना जिन्यात नको होतं.

"का पडेल रे?" त्या सावकाश म्हणाल्या. "खोली परत केल्यानं मशीन पडतं, असं कुठं असतं का? झाडूला ठाऊक नाही. चिक्कूला ठाऊक नाही. मला आज कळलं. मास्तरांच्या भागात खोट आहे आणि ती झाकायला परत करणं थांबवलंय, हे ज्याला आधीपासून माहीत आहे, तोच म्हणेल पडेल म्हणून."

साहेबांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी मान खाली घातली आणि मग, कोण जाणे कसं, त्यांना तोंड फुटलं. "दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या खरेदीदारासमोर इंजिन चालवून दाखवायचं होतं. सारखं पडत होतं. साहेब म्हणाले, काहीही करा पण पडू देऊ नका. मी सांगितलं, असं केलं तर जागा संपत जाईल. म्हणाले, संपू दे, नंतर बघू. केंद्राला सकाळी बंद-चालू करायला सांगा, हेही त्यांनीच सुचवलं."

"मग गेल्या महिन्यात तुम्हीच येऊन बंद करू नका म्हणालात?" ताई ओरडल्याच.

"मी विसरलो होतो," साहेब म्हणाले. आवाज एवढासा झाला होता. "खरंच. इतकी कामं असतात... नवं वाटप चांगलं होतं, मला वाटलं आता सगळं नीट असेल. काल मशीन थिजलं तेव्हा आठवलं."

"काल आठवलं!" आत्यांचा संताप आता आवरेना. "काल आठवलं, आणि आज सकाळी हिचा संगणक उचलायला लावलास? विसरलास ते माणूस म्हणून एक वेळ समजून घेतलं असतं रे. पण आठवल्यावर तू काय केलंस? गरीब गाय बघून तिच्यावर ओझं टाकलंस!"

साहेब टेबलाला वळसा घालून आले. खाली वाकून, फक्त आत्यांनाच ऐकू जावं असं बोलले, पण खोली इतकी शांत होती की सगळ्यांनी ऐकलं.

"आत्या, प्लीज. हे इंजिन तुझंच आहे. घरातल्या गोष्टी घरात ठेवू या ना."

"ते आजोबाही घरातच होते," आत्या म्हणाल्या. "ओट्याजवळ, फरशीवर. गाडीची वाट बघत."

त्या पुन्हा पडद्याकडे वळल्या.

"चिक्कू, कर चालू परत करणं."

"पडेल, आत्या," चिक्कू म्हणाली.

"पडू दे. आज रुग्ण नाही, रिकामं मशीन आहे. पडेल तिथं खोट सापडेल."

चिक्कूनं कळ दाबली. दोन-चार पत्ते गेले आणि मशीन धाडकन पडलं. पडता पडता पडद्यावर एक ओळ उमटवून गेलं. चिक्कूच्या वाटपाची एक सवय होती. परत आलेल्या प्रत्येक खोलीवर ते शिक्का मारायचं, आणि नंतर आत हात घालणाऱ्याचा पत्ता लिहून ठेवायचं. आजवर मोठी खोली परतच आली नव्हती, म्हणून शिक्का कधी लागला नव्हता. पडद्यावर मास्तरांच्या भागातली नेमकी जागा होती. दोन वर्षं जी शोधायचे कष्ट कुणी घेतले नाहीत, ती चोरी पकडायला चिक्कूच्या कामाला एवढाच वेळ लागला होता.

"इथं," चिक्कू म्हणाली. तिचा आवाज मोकळा झाला होता. "पत्ता दुसरीकडे उतरवून घेण्याआधीच खोली परत होतेय. क्रम उलटा आहे फक्त." तिनं ओळ वर घेतली, पुन्हा चालवलं. रेघ थोडी चढली, मग खाली आली. पुन्हा चढली, पुन्हा खाली आली. झाडू पुढे होऊन बघत राहिला. "आल्या बघ, आल्या माझ्याकडे खोल्या," तो म्हणाला, आणि त्याचा रुसवा कुठल्या कुठे गेला.

ताईंचे अधिकारी कागद गोळा करायला लागले. साहेबांनी घसा साफ केला. "आम्ही पत्रक काढू. तांत्रिक बिघाडाबद्दल दिलगिरी, आणि या मुलीचा काही दोष नाही, असं स्पष्ट लिहू."

"हिच्याबद्दल लिही, आणि आजच लिही," आत्या म्हणाल्या. "पण बिघाड तांत्रिक होता असं लिहिलंस तर खाली माझी सही असलेलं दुसरं पत्रक निघेल. ताई, त्या बाईंचा नंबर आहे?"

ताईंनी फोन काढला, नंबर लावला आणि टेबलावरून साहेबांपुढे सरकवला.

"आत्या, मी काय बोलू त्यांच्याशी?"

"मास्तर बोलले नाहीत. तू बोलला नाहीस. आता ते आजोबा बोलू शकत नाहीत. काय बोलायचं ते तू शोध."

पलीकडे घंटी वाजत राहिली. मग कुणीतरी फोन उचलला, आणि थकलेल्या बाईचा आवाज आला, "हॅलो? कोण बोलतंय?"

साहेबांनी आत्यांकडे बघितलं. आत्यांनी नजर हटवली नाही.

"मी बोलतोय," साहेब म्हणाले. "काल तुमच्याकडे गाडी उशिरा आली ना, ती माझ्यामुळे."